मुलांच्या खाऊतले रंग, प्रिझर्वेटिव्ह आणि 'घरचंच द्या' हा आग्रह: बरोबर की अति?

नाचणी_दादर:
आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांची चित्रकला स्पर्धा असते आणि नंतर खाऊ वाटतात. यंदा मी सुचवलं की चिप्सची पाकिटं, रंगीत जेली आणि टेट्रापॅक ज्यूस नको, त्याऐवजी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळी आणि कोकम सरबत ठेवू, करायला मी आणि अजून दोघी तयार आहोत. तर ग्रुपवर एकदम वादच पेटला. "आम्ही पण पेप्सीकोला चोखूनच मोठे झालो", "वर्षातून एकदा काय होतंय", "आजकाल सगळ्यातच केमिकल असतं". म्हणून इथे विचारतेय, विरोधात असाल तर बिनधास्त लिहा पण मुद्द्याला धरून लिहा.

माझा मुख्य आक्षेप रंगांवर आहे. प्रिझर्वेटिव्ह पदार्थ टिकावा म्हणून तरी घालतात, रंग फक्त मुलाचा हात तिकडे जावा म्हणून असतो, पोटाला त्याचा उपयोग शून्य. 2007 साली ब्रिटनच्या साउदम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात 3 वर्षांच्या आणि 8-9 वर्षांच्या मुलांना काही कृत्रिम रंग अधिक सोडियम बेंझोएट हे प्रिझर्वेटिव्ह घातलेलं पेय दिलं आणि मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला. मग युरोपात जुलै 2010 पासून त्या अभ्यासातल्या सहा रंगांपैकी एक जरी असला तरी पाकिटावर छापावं लागतं की याने मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो. त्यातले टार्ट्राझिन (पाकिटावर नंबर 102), सनसेट यलो (110), कार्मोइसिन (122), पॉन्सो 4आर (124) आपल्याकडेही चालतात, पण असा इशारा छापायची सक्ती नाही. मग इथल्या आईबापांनी मागचं बारीक अक्षर वाचून स्वतःच ठरवायचं ना? मी ठरवलंय, घरात रंगीत गोळ्या-जेली येत नाहीत. बाकी आम्ही ब्रेड खातो, चीज खातो, मी काही सगळं जातं-उखळावर करत नाही.

लोकलवाली_विरार:
ताई राग मानू नका, पण हे सगळं वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो की हे करणार कोण. मी सातच्या आत विरार लोकल पकडते, चर्चगेटला उतरून ऑफिस, परत यायला साडेआठ. मुलगा पाळणाघरात. त्याच्या डब्यात पोळीभाजी जाते, संध्याकाळच्या खाण्याला बिस्किटाचा पुडा जातो कारण तो उन्हाळ्यातही खराब होत नाही, सांडत नाही, आणि पाळणाघरातल्या मावशींना गरम करून द्यावा लागत नाही. त्याच्यावर लिहिलेली तारीख मला कळते. सकाळचा घरचा शिरा मुंबईच्या दमटपणात संध्याकाळी पाचला कसा असेल ते सांगा.

आणि खरं बोचतं ते हे, की 'घरचं द्या' म्हणजे 'आईने करा'. तुमच्या सोसायटीतही करायला तयार कोण, तर तुम्ही आणि अजून दोघी. एकही पुरुष नाही. ज्या बाईला वेळ नाही तिला आधीच अपराधी वाटत असतं, त्यात हे रंगांचे नंबर.

फूडटेक_पवई:
मी फूड इंडस्ट्रीत क्वालिटीला काम करतो, कंपनीचं नाव घेणार नाही, कोणाची वकिली करायला आलेलो नाही. पण नंबर दिसला की विष, हे डोक्यातून काढा. 100 म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन. 300 म्हणजे व्हिटॅमिन सी. 330 सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं तेच. 322 लेसिथिन, 440 पेक्टिन, जे तुमच्या पेरूच्या जेलीत आपोआप असतं. नंबर ही फक्त नोंद आहे.

साउदम्प्टनबद्दल: त्यांनी रंगांचं मिश्रण दिलं होतं, त्यामुळे नेमका कुठला रंग जबाबदार ते त्यातून सांगता येत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2008 मध्ये तो अभ्यास तपासून म्हटलं की परिणाम छोटा आहे आणि सगळ्या मुलांत सारखा नाही. इशारा छापायला लावणं हा सावधगिरीचा निर्णय होता.

माझी खरी काळजी उलट आहे. पाकीटबंद मालावर निदान लेबल असतं, बॅच नंबर असतो, तक्रार करता येते. सुट्या बुंदीत, सुट्या बेसनात, नाक्यावरच्या जिलबीत मेटॅनिल यलो घालतात, हा रंग खाण्यासाठीचा नाहीच. सुट्या हळदीत लेड क्रोमेट सापडतं, म्हणजे शिसं. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात सोडियम हायड्रोसल्फाइट मारतात. तुम्ही घरी प्रेमाने लाडू कराल पण गूळ कुठला आणलात?

नाचणी_दादर:
@फूडटेक_पवई 100 आणि 330 बद्दल काहीच वाद नाही, मी सरसकट नंबरांच्या विरोधात नाहीये. पण 2008 वर थांबू नका, त्याच संस्थेने 2009 मध्ये सनसेट यलो, पॉन्सो 4आर आणि क्विनोलिन यलो या तिघांची रोजची सुरक्षित मर्यादा कमी केली होती. आणि सुट्या मालाचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुदुच्चेरीत आणि मग तामिळनाडूत 'बुढ्ढी के बाल' वर बंदी आली, कारण त्यात रोडामाइन बी सापडलं, जो कापड रंगवायचा रंग आहे. मुलाला भडक गुलाबीची सवयच लावली नाही तर तो नाक्यावर कशाला हट्ट करेल? गूळ मी गडद तपकिरीच घेते, आता पिवळ्याकडे बघणारही नाही.

फूडटेक_पवई:
सनसेट यलोची मर्यादा 2014 ला नवा डेटा बघून परत वाढवली, तेही सांगा. बाकी रंगाची गरज नाही हे मला मान्यच आहे, आमच्यातही अर्धे लोक हेच म्हणतात, पण फिकट जेली ठेवली की विकली जात नाही हो. घेणारे आपणच.

दातांची_डॉक्टर_मुलुंड:
रंगांवर एवढा वेळ गेला आणि साखरेवर कोणी बोललंच नाही. माझ्या खुर्चीत चार-पाच वर्षांची मुलं येतात, पुढचे दात काळे पडलेले, मुळापर्यंत कीड, आणि घरचे सांगतात डॉक्टर आम्ही बाहेरचं काहीच देत नाही. विचारलं की कळतं, रात्री झोपताना गोड दूध, दिवसभरात खजुराचे लाडू, गुळाची पोळी, मधात बुडवलेलं काही. दाताच्या कीडेला गूळ आणि साखर यात फरक कळत नाही. गुळात थोडं लोह-बिह असतं, पण बहुतेक भाग साखरच आहे. चिक्की आणि खजूर तर दातांच्या खाचेत चिकटून बसतात.

आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाला 25 ग्रॅमच्या आत साखर ठेवा असं आहे, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे, त्यात सगळं आलं. दोन वर्षांखालच्या बाळाला वरून साखर नकोच. त्यामुळे 'घरगुती आणि नैसर्गिक' हा शिक्का बघून मोकळं सोडू नका. गोड द्यायचं तर जेवणासोबत द्या आणि विषय संपवा. दर तासाला थोडं थोडं चघळत राहणं सगळ्यात वाईट.

अजून एक, हे प्लीज सगळ्यांनी वाचा. सोसायटीच्या कार्यक्रमात दोन-तीन वर्षांची पोरंही असतात. अख्ख्या दाण्याची कडक चिक्की त्यांच्या हातात देऊ नका, घशात अडकते. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का तेही आईवडिलांना विचारून घ्या. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो, आजी कितीही म्हणाली चाटवा तरी नाही.

आजी_लालबाग:
आजीला मधे ओढलंत म्हणून लिहिते. 😊 मध चाटवायची पद्धत आमच्यात होती, पण आता डॉक्टर नको म्हणतात तर नको, त्यात मानापमान कसला. पण आमच्या वेळी गोडधोड सणाला होतं हो. करंज्या दिवाळीला, गूळपोळी संक्रांतीला. मधल्या वेळेला मुलांना मुरमुऱ्याचा भडंग, तेल-तिखट-मीठ लावलेली पोळी, उकडलेल्या शेंगा, कधी थालीपीठ. आता तुम्ही मुली रोज लाडू करता आणि त्याला हेल्दी म्हणता, हे मला पटत नाही.

विरारच्या पोरीला सांगते, बिस्किटाबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. पण पातळ पोह्यांचा चिवडा कोरडा भाजून केलास तर आठवडाभर टिकतो आणि मावशीला गरमही करायला नको. नवऱ्याला भाजायला बसव रविवारी, त्यात शिकण्यासारखं काही नाही, हलवत राहायचं एवढंच.

दोन_मुलांचा_बाबा_ठाणे:
मी भाजतो काकू, रोजचा डबाही मीच भरतो, तेव्हा सगळे बाबा एका माळेत ओवू नका. पण माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. माझ्या मोठीला आम्ही पहिलीपर्यंत चॉकलेट, चिप्स, कोल्ड्रिंक काही दिलं नाही. शाळेत वाढदिवस असला की तिला वेगळा डबा. झालं काय तर ती दुसऱ्यांच्या डब्यातलं मागून खायला लागली आणि दप्तराच्या कप्प्यात रॅपर लपवायला लागली. बाई म्हणाल्या पार्टीत ती खेळायला जातच नाही, टेबलाजवळ उभी राहते. मला ते बघून फार वाईट वाटलं. धाकट्याला आम्ही काहीच बंद केलेलं नाही, रविवारी चौपाटीवर गोळा खातो, कालाखट्टा, जीभ जांभळी करून घरी येतो, आणि सोमवारी नाचणीची आंबील पण गपगुमान पितो. एखादी गोष्ट पूर्ण बंद केली की मुलाच्या डोक्यात तीच मोठी होते. नाचणीताई, तुमची मुलं अजून लहान आहेत का?

नाचणी_दादर:
@दोन_मुलांचा_बाबा हो, बालवाडी आणि दुसरी. तुमच्या मोठीचं वाचून गलबललं. पण म्हणूनच तर मला खाऊ सोसायटीचा बदलायचाय! माझ्या एकटीच्या मुलाला वेगळा डबा दिला तर तो वेगळा पडणार. सगळ्या मुलांना एकच ताट असेल तर लपवायचं काय आणि कोणाकडे मागायचं काय. घरात कडक आणि बाहेर सगळं मोकाट, यात पोराची ओढाताण होते, ती थांबवायची तर बाहेरचं बदलायला लागेल.

नियम तर आहेत की. एफएसएसएआय म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखरवाले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून 50 मीटरच्या आत विकायला मनाई आहे. तुमच्या मुलांच्या शाळेच्या गेटवर जाऊन बघा काय विकलं जातं. सीबीएसईने मे 2025 मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कशात किती साखर ते मुलांना दिसेल असं. स्टेट बोर्डाच्या शाळांत पालकसभेत आपण हे का नाही मागू शकत? पालकसभेत फी आणि बस सोडून कोणी बोलत नाही.

लोकलवाली_विरार:
हे मात्र मला पटलं, शाळेच्या गेटचं. तिथे मी उभी नसते, पोरगं पाच रुपयाचं काय घेतं मला कळत नाही. शाळेने कॅन्टीनमध्ये उसळ-पाव, इडली, फळ ठेवलं तर मी पैसे द्यायला एका पायावर तयार आहे. म्हणजे माझ्यासारखीला वेळ विकत मिळाला. तुम्ही हे आधी लिहिलं असतं तर मी एवढी भांडले नसते.

पण तरी विचारते, पाकिटातलं घ्यायचंच असेल तर कसं घ्यायचं? कारण मी घेणार आहे. दुधातली ती चॉकलेटची पावडर मी हेल्दी समजून घेत होते, मग एप्रिल 2024 मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की बोर्नव्हिटासकट ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका. मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?

फूडटेक_पवई:
पुढच्या बाजूवर ठेवू नका. पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिल्या तिघांत साखर असेल तर ती मिठाई आहे, पुढे गव्हाचं कणीस छापलेलं असलं तरी. 'मल्टिग्रेन' लिहिलंय आणि यादीत पहिला मैदा असेल तर ठेवून द्या. साखर वेगवेगळ्या नावांनी येते, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, फ्रूट कॉन्सन्ट्रेट, हे सगळे मनात एकत्र जोडा. ज्यूसचं म्हणाल तर जून 2024 मध्ये एफएसएसएआयने '100 टक्के फळांचा रस' हा दावाच कॉन्सन्ट्रेटपासून, म्हणजे आटवलेल्या रसात पाणी घालून, केलेल्या ज्यूसवरून काढायला लावला. अख्खं मोसंबं सोलून दिलं की काम झालं. साधे खाकरे, भाजलेले चणे, भाजलेले मखाणे, साधं दही, हे पाकिटातलं असलं तरी बिनधास्त घ्या, पण मखाण्यावर चीज-मसाला भुरभुरलेला नको, मीठ बघा. आणि चणे-मखाणे अगदी छोट्याला नकोत, घशात अडकायचं डॉक्टरांनी वर चिक्कीबद्दल सांगितलंच आहे.

दातांची_डॉक्टर_मुलुंड:
खाकऱ्याला माझं मत. ज्यूस बाटलीतून किंवा स्ट्रॉने तासभर पीत बसू देऊ नका, एवढं अजून.

आजी_लालबाग:
नाचणी बाई, गणपतीचा खाऊ मग काय ठरला? माझं ऐकशील तर लाडू कमी कर, वाटली डाळ कर. आमच्याकडे विसर्जनाला वाटली डाळच असायची, पोरं हातावर घेऊन खायची.

नाचणी_दादर:
वाटली डाळ, केळी, छोट्यांना मऊ राजगिरा लाडू अर्धा अर्धा, चिक्की फक्त मोठ्या मुलांना आणि तीही ॲलर्जी विचारून. ग्रुपवर टाकलं. दोन बाबांनी डाळ भिजवून वाटायचं काम घेतलंय. विरोधातले तिघे अजून चिप्सवर अडून आहेत, त्यांना म्हटलं आणा, पण रंगीत जेली नको, तिथे मी मागे हटणार नाही. कोकम सरबताचं मात्र कळेना, शंभरेक मुलं आहेत, आदल्या रात्री करून ठेवलं तर चालेल का?

फूडटेक_पवई:
पाणी घालून ठेवू नका. मीठ नसलेली कोकमं साखरेत मुरवून दाट पाक आधी तयार ठेवा, साखर भरपूर असते म्हणून तो टिकतो, आणि पाणी ऐनवेळी घाला, उकळून गार केलेलं. डॉक्टर ओरडायच्या आत सांगतो, पेले छोटे ठेवा.