वाहनावरील हवामान उपकरणे: अध्यापनासाठी सुरुवात कशाने करावी?

प्रश्नकर्ता

नमस्कार. मी पदवीच्या विद्यार्थ्यांना वातावरणविज्ञान शिकवतो. आजवर आमची प्रात्यक्षिके स्थिर केंद्राच्या नोंदी आणि संगणकावरील नकाशे यांपुरतीच राहिली आहेत. आता मात्र विद्यार्थ्यांना गडगडाटी वादळाच्या परिसरात नेऊन त्यांच्याकडून मोजमापे करून घ्यावीत, असा विभागाचा विचार चालू आहे. पर्याय तीन आहेत: गाडीच्या टपावर बसवायचा तापमान, आर्द्रता, वायुदाब आणि वारा मोजणारा संच, रेडिओसोंड (वर चढताना हवेच्या नोंदी रेडिओलहरींनी खाली पाठवणारे छोटे उपकरण) लावलेले फुगे, आणि एखाद्या संशोधन संस्थेकडून काही दिवसांसाठी मागवलेले, ट्रकवरचे फिरते डॉप्लर रडार (पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही टिपणारे). बहुतेक सहकाऱ्यांचा कल रडारकडे आहे. माझी शंका अशी की, एवढ्या मोठ्या यंत्रापुढे विद्यार्थी नुसते प्रेक्षक ठरतील. शिवाय चालत्या गाडीवर घेतलेल्या नोंदींवर कितपत विसंबावे, हेही जाणकारांनी सांगावे.

क्षेत्रमापक

आपली शंका रास्त आहे, आणि माझ्या मते सुरुवात टपावरील संचानेच करावी. तो स्वस्त पडतो हे कारण दुय्यम आहे. खरे कारण असे की, या संचातील प्रत्येक त्रुटी विद्यार्थ्याला कागद-पेन्सिल घेऊन स्वतः शोधता येते.

वाऱ्याचेच पाहा. गाडी सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल, तर हवा पूर्ण शांत असतानाही वायुवेगमापक समोरून २० मीटरचा वारा दाखवतो. खरा वारा काढण्यासाठी त्या सदिशात गाडीच्या वेगाचा सदिश मिळवावा लागतो आणि त्यासाठी गाडीची दिशा अचूक ठाऊक असावी लागते. दिशेत केवळ ५ अंशांची चूक राहिली, तर सेकंदाला सुमारे १.७ मीटरचा आडवा वारा हिशेबात उगाचच उपटतो. धावत्या गाडीची दिशा जीपीएसवरून मिळते. गाडी थांबली की ती मिळत नाही, आणि होकायंत्रावर गाडीच्या लोखंडाचा परिणाम होतो.

वायुदाबाची गोष्ट याहून नाजूक आहे. त्याच वेगाला समोरून आदळणाऱ्या हवेचा गतिज दाब सुमारे २.४ हेक्टोपास्कल भरतो. वादळाखाली साचलेल्या थंड हवेमुळे होणारी दाबवाढ पुष्कळदा याच घरातली असल्याने, स्थिर दाब (समोरून आदळणाऱ्या हवेचा धक्का वगळून उरणारा दाब) घेणारे खास तोंड न बसवता केलेली नोंद वादळाची की गाडीची, हे सांगता येणार नाही. रस्त्याची चढण ८ मीटरांनी वाढली तरी दाब साधारण १ हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणून उंचीची नोंदही सोबत हवीच.

तापमापक इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, टपाच्या बऱ्याच वर आणि उन्हापासून आडोशाला असावा. गाडी उभी असताना त्यावरून हवा खेळती ठेवण्यासाठी पंखा लागतो. त्याचा प्रतिसादकाळ १० सेकंदांचा असेल, तर तेवढ्या वेळात गाडी २०० मीटर पुढे गेलेली असते आणि तापमानातील बदलाचा केवळ ६३ टक्के भाग नोंदला गेलेला असतो. अशा नोंदीत थंड हवेची धारदार कडा पसरट दिसते.

रडारवाला

वरील विवेचन मान्य करूनही मला रडारची बाजू मांडावीशी वाटते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेली स्थिर रडारची शलाका, म्हणजे त्याच्या लहरींचा झोत, १०० किलोमीटरवर, पृथ्वीच्या वक्रतेमुळे, जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच गेलेली असते आणि एक अंश रुंदीची शलाका तिथे पावणेदोन किलोमीटर फाकलेली असते. म्हणजे वादळाचा तळ, जिथे माणसे राहतात, तोच तिला दिसत नाही. १९९५ साली अमेरिकेत टोर्नेडोंच्या अभ्यासासाठीच्या व्होर्टेक्स मोहिमेत ट्रकवरचे पहिले ‘डॉप्लर ऑन व्हील्स’ उतरले, ते वादळाजवळ जाऊन हीच उणीव भरून काढण्यासाठी.

विद्यार्थी प्रेक्षक ठरतील की नाही, हे शिक्षकाने त्यांना कोणते काम दिले यावर अवलंबून आहे. झाडे आणि इमारती आड न येणारी जागा शोधणे, ट्रक समपातळीत आणणे, सूर्याच्या ज्ञात स्थानावरून अँटेनाची दिशा पडताळणे, ही सगळी कामे त्यांनी करण्याजोगी आहेत. एकच रडार वाऱ्याचा फक्त शलाकेच्या दिशेतला घटक मोजते, हे तर त्यांनी पडद्यावर स्वतः पाहायलाच हवे. एक इशारा मात्र देतो: अशा पुष्कळ रडारांची तरंगलांबी ३ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि ती लहर मुसळधार पावसात क्षीण होते. पावसाच्या दाट पट्ट्यामागे पडदा कोरा दिसला, तर तिथे पाऊस नाही असे समजू नये.

ऊर्ध्ववात

फुग्यांबद्दल थोडक्यात लिहितो. फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर वेगाने चढतो, म्हणजे ३० किलोमीटर गाठायला त्याला दीड तासाहून अधिक वेळ लागतो; अध्यापनासाठी पहिली १५-२० मिनिटेच बहुतेक सर्व काही शिकवून जातात. रेडिओसोंड गाडीत तापलेले किंवा वातानुकूलनाने गारठलेले असेल, तर आलेखाचा तळचा भाग खोटा येतो, म्हणून ते आधी बाहेर सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. विद्यार्थी हाताळणार असल्यास हायड्रोजनऐवजी हेलियम वापरावा, आणि विमानवाहतूक तसेच रेडिओलहरींच्या परवानग्या मोहीम ठरतानाच मागाव्यात.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. पहिल्या सत्रात टपावरील संच घ्यावा, असे आता निश्चित वाटते. वादळाकडे जाण्यापूर्वी संचाची परीक्षा कशी घ्यावी?

क्षेत्रमापक

वारा मंद आणि एकसारखा असेल अशा दिवशी मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकाच वेगाने जाऊन लगेच परत यावे. दोन्ही फेऱ्यांतून काढलेला खरा वारा जुळला पाहिजे. जुळला नाही, तर वायुवेगमापक टपावर किंचित तिरका बसला आहे किंवा गाडीच्या अंगावरून वळणाऱ्या हवेत सापडला आहे, असा संशय घ्यावा. त्यानंतर गाडी आपल्या स्थिर केंद्राशेजारी काही तास उभी करून दोन्हींच्या नोंदी ताडून पाहाव्यात. या दोन्ही चाचण्यांचे आलेख विद्यार्थ्यांनीच काढावेत. वादळाजवळ जाताना चालकाकडे गाडी चालवण्याखेरीज दुसरे काम देऊ नये. नोंदींचा पडदा पाहणारा आणि परतीचा रस्ता सतत मोकळा आहे ना हे बघणारा, अशी दोन वेगळी माणसे गाडीत असावीत.

रडारवाल्यांचे म्हणणे मी खोडत नाही. पुढच्या वर्षी रडार आलेच, तर हीच गाडी त्याच्या शलाकेखालून न्यावी, म्हणजे दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहता येतील.