बाइकचा कार्ब्युरेटर निघत नाहीये, मदत हवी आहे (लवकर!)

फोंड्याचा_मी
दोन्ही बोल्ट काढले, फिल्टरकडची क्लिप सैल केली, तरी जागचा हलत नाही. किती जोर लावायचा? चवथीला गाडी घेऊन गावी जायचंय. ‘मेकॅनिककडे जा’ सोडून काहीही सांगा.

जुना_पाना
गाडी कुठली? पेट्रोलचा कॉक बंद केलास?

राजदूतवाला
आमच्या राजदूतचा पाच मिनिटांत निघायचा. ती गाडीच वेगळी!

फोंड्याचा_मी
स्प्लेंडर, हिरो होंडाच्या काळातली. कॉक बंद आहे हो.

जुना_पाना
जोर नकोच. मागचं रबर तोंडाला चिकटलेलं असतं. क्लिप पूर्ण मागे सरकव, कडेने बोथट पेचकस फिरव, मग हलवत हलवत काढ. वरचं गोल झाकण उघडलंस का? ॲक्सिलरेटरची वायर त्यातच आहे. झाकणाबरोबर स्प्रिंग, स्लाइड आणि सुई वर येते. सुई वाकली तर संपलं. फडक्यात गुंडाळून ठेव.

म्हापशेकर
पण काढताय कशाला? प्लग बघितला?

फोंड्याचा_मी
प्लग नवीन आहे. आयडलिंगला, म्हणजे मूठ सोडली की, बंद पडते, चोक ओढला की चालते.

म्हापशेकर
मग पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारं पितळी बारीक भोक) चोंदलाय. क्लचच्या वायरची एक बारीक तार घाला, मोकळा.

जुना_पाना
तार अजिबात नको! पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते. क्लीनर मारून हवा मार.

म्हापशेकर
स्टँडवरचे आम्ही पायलट, मोटरसायकल टॅक्सीवाले, काय स्प्रे घेऊन फिरतो? आम्ही तारच घालतो, काही झालं नाही.

राजदूतवाला
सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. पाणी ओढून घेतं, त्यात आपला पाऊस. 2020 नंतरची इंजेक्शनवाली घ्या, कार्ब्युरेटरची कटकटच नाही.

जुना_पाना
त्याने नवी गाडी कुठली घेऊ असं विचारलंय का?

फोंड्याचा_मी
निघाला! झाकण उघडायचं बाकी होतं. कार्ब्युरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीत तळाला हिरवट चिकटा आहे. पण एक काळी रिंग खाली पडली, ती कुठली?

जुना_पाना
इंजिनकडच्या तोंडाच्या खाचेतली. चपटी झाली असेल तर नवी टाक, नाहीतर तिथून हवा ओढेल आणि आयडलिंगचं परत तेच. बसवताना स्लाइडची खाच आतल्या पिनवर बसव. किक मारण्याआधी मूठ पिळून सोड, टक् करून मागे आली पाहिजे. अडकली तर गाडी चालूच करू नको.

फोंड्याचा_मी
चपटीच आहे. रविवारी स्पेअर्सचं दुकान उघडं असतं का?

म्हापशेकर
आमच्याकडे तरी नाही. तोवर तार घालून घ्या.