मदत हवी आहे: जुनी नोकरी का सोडली, हे मुलाखतीत कसं सांगू?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. तिथे माल न तपासताच इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही करायला लावत. मी नकार दिल्यावर पगार अडवला, सगळ्यांसमोर बोलणी बसू लागली. मूळ पगारातून 12 टक्के पीएफ कापत होते, पण पासबुकात मधले काही महिने जमाच नाही. शेवटी ईमेलने राजीनामा देऊन बाहेर पडले. रिलीव्हिंग लेटर (कामातून मुक्त केल्याचं पत्र) मात्र अजून देत नाहीत.

आता हालोलच्या एका कंपनीत मुलाखत आहे. काम अगदी मला हवं तसं. "आधीची नोकरी का सोडली?" हे विचारणारच. सगळं सांगितलं तर भांडखोर ठरेन. नुसतं "चांगल्या संधीसाठी" म्हणायला जीभ रेटत नाही, कारण खोटी सही केली नाही याचा मला अभिमान आहे.

काका म्हणतात, ती नोकरी बायोडेटातून काढूनच टाक. पण यूएएनवर (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावर) जुन्या मालकाची नोंद दिसतेच, लपवलं तर उलट संशय येईल. (मालकाने सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी आपल्याला पोर्टलवर भरता येते. ती मी भरली आहे.)

एचआरमध्ये असलेल्यांनी कृपया सांगा: सहीचा विषय स्वतःहून काढू का, आणि कोणत्या शब्दांत? लेटरऐवजी राजीनाम्याचा ईमेल आणि पगाराच्या स्लिपा चालतील का?