आफ्रिकेतल्या हायस्कूलसाठी मदत: फी भरू की बातमीदाराला देऊ?

शेवटचा_बाक:
मंडळी, एक विचारायचं होतं. गेली चार वर्षं मी पूर्व आफ्रिकेत मुलींची सेकंडरीची फी भरणाऱ्या एका संस्थेला दरमहा थोडे पैसे देतोय. आता मित्र म्हणतो तेच पैसे तिथल्या शिक्षणावर बातम्या करणाऱ्या छोट्या न्यूजरूमला दे. मला काही पटेना, बातमीने कुणाच्या हातात वही येते का? आणि हल्ली केनिया, घाना सगळीकडे हायस्कूल फुकट झालंय म्हणे, मग आपण फी तरी कसली भरतोय?

नैरोबीवासी:
'फुकट'वर जाऊ नका हो. केनियात डे स्कूलच्या एका मुलामागे सरकार वर्षाला 22,244 शिलिंग देणार असं 2018 पासून कागदावर आहे, पण ते येतात तुकड्यातुकड्याने, उशिरा आणि बऱ्याचदा कमी, मग हेडमास्तर पालकांच्याच मागे लागतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या पोरीला जेवणाचे पैसे थकले म्हणून टर्मच्या मधेच घरी पाठवलं, दुसऱ्या दिवशी ती युनिफॉर्मवरच आईसोबत आली, दुसरे धड कपडे नव्हते. शाळेचं नाव नाही घेत. तुम्ही फी चालू ठेवा.

खडूफळा:
मित्राला अगदीच उडवून लावू नका. घानात 2017 ला फ्री एसएचएस (सीनियर हायस्कूल फुकट) आलं, पोरं एवढी वाढली की पुढच्याच वर्षी डबल ट्रॅक काढावा लागला, ग्रीन आणि गोल्ड, म्हणजे निम्मी शाळेत तेव्हा निम्मी घरी. फी माफ, पण बोर्डिंगला जायचं तर हातात यादी: ट्रंक, गादी, चॉप बॉक्स (खाऊची लाकडी पेटी). हे घोषणेत नसतं, कुणीतरी तिथे जाऊन बघावं लागतं. आणि पेपरात शिक्षणाची बातमी म्हणजे निकालाच्या दिवशी टॉपरला खांद्यावर उचललेला फोटो!! बाकी वर्षभर बातमीदाराला खेड्यातल्या शाळेपर्यंतचं बसभाडं कोण देणार?

शेवटचा_बाक:
पण पैसे देणाऱ्याचंच गाणं गाईल ना तो?

खडूफळा:
गाऊ शकतो, तोच धोका आहे. म्हणून विषय सुचवायचा नाही, छापण्याआधी बघायला मागायचं नाही. शाळा चालवणाऱ्या संस्थेनेच ट्रिप काढली असेल तर ती बातमी नाही, माहितीपत्रक. केनियात 2016 पासून आणि घानात 2019 पासून माहितीचा कायदा आहे, पैसे कुठे अडले ते अर्ज टाकून विचारता येतं, पण पाठपुरावा करायला पगारावर माणूस लागतो.

म्वांझा_रिटर्न:
टांझानियाचं सांगतो. 2016 पासून फॉर्म फोरपर्यंत (सेकंडरीचं चौथं वर्ष) फी नाही, पण सात वर्षं स्वाहिलीत शिकलेली पोरं फॉर्म वनला एकदम इंग्रजीत. बायोलॉजीचा तास बघितलाय मी, सर फळ्यावर इंग्रजीत लिहिणार, समजावणार स्वाहिलीत, पेपर परत इंग्रजीत. यावर फी भरून काय उपयोग सांगा. दुसरं म्हणजे गरोदर मुलींना शाळेतून काढायचे त्याचा बाहेर एवढा बोभाटा झाला की 2018 ला वर्ल्ड बँकेचं 30 कोटी डॉलरचं कर्ज अडलं. नियम बदलला 2021 च्या नोव्हेंबरात. बोंब झाली नसती तर कुणी हललं असतं का, मला शंका आहे.

शेवटचा_बाक:
फी चालूच ठेवतो. त्या न्यूजरूमला मेल टाकलाय, तुम्हाला पैसे कोण देतं ते साइटवर का नाही म्हणून. उत्तर आलं की इथेच टाकतो.