खपली, ज्वारी, नाचणीच्या दळणासाठी कोणती गिरणी घ्यावी? (सल्ला हवा)

धागाकर्ती
नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमच्या बचत गटाकडे १ अश्वशक्तीची घरघंटी आहे. तिच्यावर लोकवन गहू विनातक्रार दळला जातो. खपली घातली की मात्र मोटारीचा आवाज बदलतो, दळण निम्म्या वेगाने उतरते आणि पीठ हाताला चांगलेच गरम लागते. आता ज्वारी, बाजरी आणि नाचणीचीही दळणे येऊ लागल्यामुळे मोठी गिरणी घेण्याचा विचार आहे. मोटार किती अश्वशक्तीची असावी, आणि खपलीचा दर वेगळा ठेवणे रास्त होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
ताई, खपलीचा टणकपणा तिच्या वाणातच आहे. लोकवनसारख्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात आणि त्यांपैकी ‘ड’ संचावर प्युरोइंडोलिन नावाची प्रथिने घडवणारी जनुके असतात. ही प्रथिने मूळ रूपात असली की पिष्टाचे (स्टार्चचे) कण भोवतीच्या प्रथिनांना घट्ट चिकटत नाहीत आणि दाणा मऊ होतो. खपली आणि बन्सी या गव्हांत हा संचच नसल्यामुळे त्यांचा दाणा काचेसारखा फुटतो, रवा सुंदर पडतो, पण त्याचे बारीक पीठ करताना पिष्टाचे कणच चिरडावे लागतात. असे चिरडलेले पिष्ट पाणी जास्त शोषते.
माझा उपाय असा, की आदल्या रात्री गव्हाला पाण्याचा हात लावून ठेवावा. १० टक्के ओलाव्याचा १० किलो गहू १४ टक्क्यांवर न्यायला साधारण ४६५ मिलिलिटर पाणी लागते.

प्रतिसाद २
टणकपणाबद्दल वर दिलेली माहिती योग्य आहे, परंतु पाण्याचा उपाय या गिरणीसाठी नव्हे. रोलर मिलमध्ये (मैदा काढणाऱ्या रुळांच्या गिरणीत) गहू ओलवतात तो कोंडा चिवट होऊन अखंड सुटावा आणि मैद्यात मिसळू नये म्हणून. आपल्याला कोंड्यासकट पीठ हवे असते, आणि घरघंटीसारख्या जाळीच्या गिरणीत ओला दाणा फुटण्याऐवजी दबतो, जाळी भरते व वीज उलट अधिक जाते. मोदकाच्या पिठीसाठी तांदूळ धुऊन सावलीत वाळवतात, तेव्हा भिजलेला दाणा ठिसूळ झालेला असतो हे खरे. तांदळाचा तो अनुभव कोंड्याच्या गव्हाला लावू नये.
मोटारीआधी जाळी ठरवा. ऑस्ट्रियाचे खाण अभियंता रिटिंगर यांनी १८६७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दळणाची ऊर्जा नव्याने उघड्या पडणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात लागते. म्हणजे १ मिलिमीटरचा कण अर्ध्यावर आणायला जितकी ऊर्जा लागेल, त्याच्या दुप्पट ऊर्जा अर्ध्यावरून पाव मिलिमीटरवर आणताना लागते. खपली लापशीसाठी भरडायची असेल तर आहे तीच घरघंटी पुरेल. पोळीच्या पिठासाठी मात्र प्रथम जाड जाळीतून भरड काढून मग बारीक जाळीतून दुसऱ्यांदा काढावी, म्हणजे मोटारीवर एकदम ताण येत नाही आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये भरड निवते.

प्रतिसाद ३
मी वीस वर्षे दगडी गिरणी चालवतो. ज्वारीचे दाणे आडवे कापून पाहावेत: काचेसारखा भाग जास्त असेल तर दळण सावकाश उतरते, पांढरा पिठूळ भाग जास्त असेल तर लवकर. बाजरीत तेल अधिक असल्याने पीठ तापले की लवकर कडवट होते, म्हणून ती सकाळी गिरणी थंड असतानाच घ्यावी. नाचणीचा दाणा इतका लहान, की दगडांतील अंतर जरा जास्त राहिले तर अख्खाच खाली येतो. दगडी चक्की घेतलीत तर दगडांना टाकी लावण्याचा (छिन्नीने पुन्हा खाचा पाडण्याचा) खर्च धरा. गुळगुळीत झालेला दगड दाणा कापत नाही, नुसता घासतो, आणि पीठ जळते ते तिथेच. शक्य असेल तर ३ अश्वशक्तीची घ्यावी, पण आधी थ्री फेज जोडणी मिळते का ते पाहावे.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. दराचे उत्तर बहुधा मीटरवरच मिळेल. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट; मोटारीतील घट धरून पूर्ण भारावर तासाला सुमारे १ युनिट जाते. एका तासात लोकवन ८ किलो आणि खपली ४ किलो निघाली, असे धरले तर किलोमागे वीज पाव युनिट, म्हणजे लोकवनच्या दुप्पट होते. दोन जाळ्यांची पद्धत याच घरघंटीवर करून पाहते आणि मीटरची नोंद इथे टाकते; मोठ्या गिरणीचे त्यानंतर ठरवू.