टेस्लाचे स्टिअरिंग जड होणे : थोडी भर

या चर्चेत आधी एका सदस्यांनी म्हटले आहे की, टेस्लाच्या मॉडेल थ्री या गाडीचे स्टिअरिंग ‘अडकते’ हा नवख्या चालकांचा भ्रम असावा. मला ते पटत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने जुलै २०२३ मध्ये त्या वर्षीच्या मॉडेल थ्री आणि मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली तेव्हा हाताशी जेमतेम १२ तक्रारी होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौकशीचा दर्जा वाढवला गेला, तोवर तो आकडा दोन हजारांपलीकडे गेला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने ३,७६,२४१ गाड्यांसाठी रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणे) जाहीर केला.

कारण असे सांगितले गेले की, गाडी थांबून पुन्हा निघताना पॉवर स्टिअरिंगच्या सर्किट बोर्डावर अतिरिक्त ताण येऊन चक्र फिरवायला विजेच्या मोटरची मिळणारी मदत बंद पडू शकते. चाकांशी असलेला यांत्रिक जोड तुटत नाही, त्यामुळे ‘अडकते’ हा शब्द काटेकोर नाही. पण कमी वेगात लागणारा जोर भलताच असतो. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत ही मदत एकदा गेली, तेव्हा पार्किंगमधले एक वळण घ्यायला पाठ सीटला रेटून दोन्ही हातांनी चक्र ओढावे लागले होते.

उपाय म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावत केले गेले, मात्र आधीच निकामी झालेला बोर्ड त्याने बरा होणार नाही, त्यामुळे यातली वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी बोर्ड तपासून घ्यावा.

(२०१८ चा मॉडेल एसचा रिकॉल निराळा : तिथे बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने स्टिअरिंगचे बोल्ट गंजत होते.)