‘आकारिक’ला पालकांसाठी सोपा शब्द?

प्रश्न: सोलापूरच्या पूर्व भागात मराठी शाळेत दुसरीला शिकवते. पालकसभेत मी ‘आकारिक मूल्यमापन’ म्हणाले, तर एका आईनं विचारलं, “बाई, ही आकारणी कधी भरायची?” घरपट्टीच्या कागदावरचा शब्द तिला आठवला. मला पटकन सोपा शब्द सुचला नाही. तुम्ही काय म्हणता? आणि मूल्यांकन, मूल्यमापन एकच का?

– दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पण ‘मूल्यांकना’त अंकन आहे; जमिनीचं, दागिन्यांचं होतं ते. शाळेत २०१० च्या शासन निर्णयानं ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आणलं, त्याचे दोन भाग: शिकणं चालू असताना होतं ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. ही जोडी मुळात मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडली, तीही अभ्यासक्रम तपासण्यासाठी. मुलांच्या शिकण्याला ती नंतर लागू झाली. ‘आकारिक’ म्हणजे आकार देणारं. शब्द ऐकून ते कळत नाही, हे मात्र खरं.

– शिक्षकांच्या खोलीत अर्थ आणखी बदलतो. “आकारिक टाकलं का?” म्हणजे नोंदवहीत गुण भरले का! पहिली-दुसरीला आकारिकचे ७० आणि संकलितचे ३०, एवढंच डोक्यात राहतं. निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक ही सगळी साधनं मूल समजून घ्यायला होती, त्यांचे रकाने झाले. फार वाईट वाटतं.

– मला हा शब्द एका चुकीनं शिकवला. श्रुतलेखनात ‘एकोणतीस’ सांगितलं, तर घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलानं ३९ लिहिलं. फुली मारून पुढं जाणार होते. पण विचारलं, “कसं लिहिलंस?” म्हणाला, “तीस ऐकलं, मग नऊ.” तेलुगूत तो ‘इरवै तोम्मिदी’ म्हणतो, वीस आणि नऊ. मराठीत आपण पुढच्या दशकातून एक कमी करतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे दिले, त्यातली एक काडी काढायला लावली. एकोणचाळीस, एकोणपन्नास त्याचे त्यानंच लिहिले.
प्रशिक्षणात तक्ते भरायला शिकवतात, असं विचारायला नाही. मी आणि एक सहशिक्षिका, आम्ही दोघी शनिवारी शाळा सुटल्यावर चार-पाच वह्या घेऊन बसतो. आधी चूक पाहायची, मूल काय विचार करत असेल ते एकमेकींना सांगायचं, आणि सोमवारी त्याला काय विचारायचं ते ठरवायचं. यातूनच हात बसला.

– शब्द म्हणून ‘चाचपणी’ कसा वाटतो?

– अंधारात चाचपडल्यासारखं वाटतं. ‘पारख’ म्हटलं की खरं-खोटं वेगळं करणं आलं. ‘अदमास घेणं’ त्यातल्या त्यात जवळचा, पण पुढं काय करायचं ते त्यात येत नाही.

प्रश्नकर्ती: आभार. पुढच्या सभेत मी ‘कुठं अडतंय ते बघून शिकवणं’ म्हणेन. लांबलचक आहे, पण त्या आईला पैशाची धास्ती तरी वाटणार नाही. आणि उद्याच्या श्रुतलेखनात एकोणतीस घालते.